ओपनडब्ल्यूआरटी चालेल असा वाय-फाय राउटर कसा निवडावा: मुंबईतल्या नवख्यांसाठी मार्गदर्शन

घरातला वाय-फाय राउटर हा एक लहानसा संगणकच असतो. त्यात प्रोसेसर असतो, रॅम असते आणि बहुतेक राउटरांमध्ये कारखान्यातूनच लिनक्सही बसवून आलेले असते. मात्र ते लिनक्स कंपनीने आपल्या सोयीने छाटून बंदिस्त केलेले असते, आणि कंपनीने सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे थांबवले की उत्तम चालणारे उपकरणही घराच्या नेटवर्कमधला कच्चा दुवा होऊन बसते. या बंदिस्त फर्मवेअरच्या, म्हणजे उपकरणात कंपनीने बसवलेल्या प्रणालीच्या, जागी ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली बसवता येते. ती बसवली की राउटरचे आयुष्य कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही, जाहिराती अडवण्यापासून ते व्हीपीएनपर्यंत (इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध खासगी वाट) हवी ती सोय जोडता येते, आणि आपल्या घरातून बाहेर काय जाते व आत काय येते याचा हिशेब आपल्या हाती राहतो. हा प्रकल्प २००४ साली सुरू झाला. २०१६ मध्ये त्यातून लेडे नावाची शाखा वेगळी झाली होती आणि जानेवारी २०१८ मध्ये ती पुन्हा मूळ प्रकल्पात विलीन झाली, म्हणून जुन्या सूचनांमध्ये लेडे हे नाव आढळले तर गोंधळून जाऊ नये.

अडचण अशी की दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक राउटरवर ही प्रणाली चालत नाही, आणि कशावर चालेल हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नसते. कोणता ब्रँड चांगला, हा प्रश्न येथे फारसा उपयोगी पडत नाही. आत कोणती चिप आहे आणि हाती आलेला नग हार्डवेअरच्या कोणत्या आवृत्तीचा आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर सगळे ठरते आणि ही उत्तरे पैसे देण्यापूर्वीच मिळवावी लागतात. पुढची सगळी मांडणी त्याच दृष्टीने केली आहे.

आपली गरज नेमकी कोणती

लॅपटॉपवर उबुंटू, डेबियन किंवा फेडोरा वापरणारे अनेक नवखे लोक विचारतात की त्यांच्या लिनक्सला कोणता राउटर चालेल. केवळ इंटरनेट वापरण्यापुरता प्रश्न असेल तर काळजीचे कारण नाही, कारण वाय-फायचे नियम सर्व कार्यप्रणालींसाठी एकच आहेत आणि लिनक्स कोणत्याही राउटरला जोडले जाते. प्रश्न येतो तो राउटरची मांडणी, म्हणजे सेटिंग्ज, करण्याचा. ॲपलने १९९९ मध्ये आणलेले एअरपोर्ट बेस स्टेशन, म्हणजे त्या कंपनीचा वाय-फाय राउटर, याचे जुने उदाहरण आहे: त्याची मांडणी ब्राउझरमधून होत नसे, त्यासाठी कंपनीचाच प्रोग्राम लागे, आणि तो कंपनीने लिनक्ससाठी कधी दिला नाही. २०१८ मध्ये ॲपलने ही मालिका बंद केली, पण आज काही राउटर फक्त मोबाइल ॲपमधून आणि कंपनीच्या सर्व्हरवर खाते उघडूनच सुरू होतात, म्हणजे तीच अडचण नव्या रूपात परत आली आहे. ज्यांना ओपनडब्ल्यूआरटी बसवायचेच नाही त्यांनी ब्राउझरमधून चालणारे मांडणीचे पान आहे की नाही एवढे तपासून घेतले तरी काम भागते.

काही जण जुन्या संगणकालाच बेस स्टेशन करू पाहतात. त्यासाठी त्या संगणकाच्या वाय-फाय कार्डाला ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे इतर उपकरणांना वाय-फाय पुरवण्याचे, काम करता आले पाहिजे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'आयडब्ल्यू लिस्ट' (iw list) हा आदेश दिला की कार्डाला कोणकोणत्या भूमिका पार पाडता येतात त्यांची यादी मिळते आणि तीत एपी (ॲक्सेस पॉइंट) हा शब्द असावा लागतो. लॅपटॉपमध्ये सर्रास आढळणारी इंटेलची कार्डे मात्र ५ गिगाहर्ट्झवर या कामाला सहसा उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांचे फर्मवेअर त्या पट्ट्यात स्वतःहून प्रक्षेपण सुरू करू देत नाही. म्हणून या मार्गात फार वेळ घालवू नये असे माझे मत आहे. घरासाठी स्वतंत्र राउटर घेणेच योग्य.

पहिली पायरी: घरात येणारी जोडणी ओळखावी

मुंबईत इंटरनेट घरात येण्याच्या मुख्यतः दोन वाटा आहेत. एकीत स्थानिक केबलवाला इमारतीच्या जिन्यात किंवा गच्चीवर बसवलेल्या स्विचमधून साधी इथरनेटची तार घरात आणून देतो आणि सोबत पीपीपीओईचे (जोडणी सुरू करण्याची लॉगिन पद्धत) वापरकर्तानाव व पासवर्ड देतो. दुसरीत प्रकाशतंतू म्हणजे फायबर थेट घरात येते आणि ओएनटी नावाच्या डब्यात संपते. पहिल्या प्रकारात काम सोपे आहे: तीच तार नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचे इंटरनेट आत घेणाऱ्या खाचेत, लावायची, वापरकर्तानाव व पासवर्ड भरायचा आणि इंटरनेट सुरू होते. काही ठिकाणी जोडणी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या उपकरणाच्या ओळखक्रमांकाला, बांधलेली असते. अशा वेळी केबलवाल्याला फोन करून नवा पत्ता नोंदवून घ्यावा, किंवा ओपनडब्ल्यूआरटीच्या मांडणीत वॅन पोर्टला जुना पत्ता द्यावा.

फायबरच्या बाबतीत एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. दुकानात मिळणाऱ्या सामान्य राउटरमध्ये फायबर थेट लावता येत नाही, त्यामुळे कंपनीचा ओएनटी घरात राहणारच. आपला राउटर त्याच्या मागे बसतो. कंपनी तयार असेल तर ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावा, म्हणजे तो फक्त प्रकाशाचे विद्युत संकेतात रूपांतर करतो आणि बाकीचे सर्व काम आपला राउटर करतो. घरचा दूरध्वनी त्याच ओएनटीवर चालत असेल तर ब्रिज मोडमध्ये तो चालू राहील का, हे आधी विचारून घ्यावे. कंपनी तयार नसेल तरी फारसे बिघडत नाही. ओएनटीतले वाय-फाय बंद करून आपला राउटर त्याच्या मागे सुरू ठेवता येतो. कंपनीने दिलेल्या ओएनटीवर किंवा राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी बसवण्याचा विचारही करू नये, कारण ते उपकरण बहुधा कंपनीच्याच मालकीचे असते आणि जोडणी बंद करताना परत द्यावे लागते.

आपली योजना किती वेगाची आहे, हेही येथेच लिहून ठेवावे. योजना १०० एमबीपीएसपेक्षा जास्त असेल तर गिगाबिट पोर्ट नसलेला राउटर विचारातच घेऊ नये, कारण स्वस्त राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसवर अडतात आणि जास्तीच्या वेगासाठी दरमहा भरलेले पैसे वाया जातात.

दुसरी पायरी: चिप पाहावी

ओपनडब्ल्यूआरटी एखाद्या राउटरवर नीट चालेल की नाही, हे सर्वात जास्त वाय-फाय चिपच्या ड्रायव्हरवर, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या प्रोग्रामवर, अवलंबून असते. प्रोसेसर चालला, पोर्ट चालले, पण वाय-फायचा मुक्त ड्रायव्हरच नसेल तर हाती उरतो तो तारेवर चालणारा राउटर.

आज नवख्याने पहिली पसंती मेडियाटेकच्या चिपला द्यावी. तिच्यासाठीचा एमटी७६ हा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या मूळ भागात, समाविष्ट आहे आणि त्याची देखभाल सातत्याने होत आली आहे. वाय-फाय ५ च्या राउटरांमध्ये एमटी७६२१ हा दोन गाभ्यांचा, ८८० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर अनेक वर्षे आढळत आला आहे, तर वाय-फाय ६ साठी फिलॉजिक मालिकेतले एमटी७९८१ आणि त्याहून बलवान एमटी७९८६ हे प्रोसेसर येतात. माझ्या मते आज नवा राउटर घेणाऱ्यासाठी फिलॉजिक हीच सर्वात निर्धोक निवड आहे.

क्वालकॉम ॲथेरॉसच्या चिपही चालतात, पण त्यांच्यात पिढीनुसार फरक आहे. वाय-फाय ४ च्या काळातल्या चिपसाठी असलेला एटीएच९के ड्रायव्हर पूर्णपणे मुक्त आहे. त्याला कोणत्याही बंद फर्मवेअरची गरज लागत नाही, म्हणून मुक्तस्रोताचा आग्रह धरणारे लोक अजूनही त्या जुन्या उपकरणांना जपतात. त्यानंतरच्या एटीएच१०के आणि एटीएच११के या ड्रायव्हरांना कंपनीचे बंद फर्मवेअर सोबत घ्यावे लागते, आणि एटीएच११केला रॅमही जास्त लागते. ही उपकरणे वाईट नाहीत, मात्र निवड करताना त्यांच्या पानावरील टिपा अधिक बारकाईने वाचाव्यात.

ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असलेला राउटर नवख्याने टाळावा. महागडे आणि मोठ्या अँटेनांचे पुष्कळ राउटर ब्रॉडकॉमवर चालतात आणि नेमक्या त्यांच्याच बाबतीत मुक्त ड्रायव्हर अपुरे आहेत. रिअलटेकचा प्रोसेसर आणि रिअलटेकचेच वाय-फाय असलेल्या स्वस्त राउटरांचीही तीच गत आहे. किंमत आणि अँटेनांची संख्या यांवरून येथे काहीच अनुमान काढता येत नाही.

तिसरी पायरी: हार्डवेअरची आवृत्ती

या पायरीवर सर्वात जास्त लोक फसतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

ओपनडब्ल्यूआरटीचे नाव ज्या राउटरवरून पडले तो लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्स वापरले असल्याचे जाणकारांच्या लक्षात आले, जीपीएल या मुक्तस्रोत परवान्यानुसार कंपनीला मूळ संहिता खुली करावी लागली आणि त्यातूनच पुढे मुक्त फर्मवेअरची ही सारी परंपरा उभी राहिली. चौथ्या आवृत्तीपर्यंत हा राउटर लिनक्सवर चालत होता. २००५ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही वेगळी प्रणाली घातली आणि फ्लॅश, म्हणजे कायमच्या साठवणीची जागा, ४ एमबीवरून २ एमबीवर व रॅम १६ एमबीवरून ८ एमबीवर आणली. नाव तेच होते आणि निळा-काळा डबाही तोच होता, पण आतले उपकरण पार बदलले होते. ज्यांना लिनक्सच हवे होते त्यांच्यासाठी कंपनीने डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळे मॉडेल काढले.

हा प्रकार आजही तसाच चालू आहे. टीपी-लिंकच्या आर्चर सी६ या लोकप्रिय राउटरच्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉम ॲथेरॉसचा प्रोसेसर आहे, तर तिसऱ्या आवृत्तीत मेडियाटेकचा एमटी७६२१ आहे. दोन्हींसाठी फर्मवेअरच्या फाइली निरनिराळ्या आहेत आणि एकीची फाइल दुसरीवर चालत नाही. दुसऱ्या आवृत्तीतही युरोपात विकलेला नग आणि अमेरिकेत विकलेला नग यांच्यात फ्लॅशचा फरक आहे. कुडी कंपनीच्या डब्ल्यूआर३००० या नावापुढे एखादे अक्षर जोडले की तेही वेगळे उपकरण ठरते. म्हणून 'आर्चर सी६ वर ओपनडब्ल्यूआरटी चालते' हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या आवृत्तीच्या आणि कोणत्या प्रदेशासाठी बनवलेल्या नगावर चालते, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

ही आवृत्ती राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर, बहुधा अनुक्रमांकाच्या जवळ, व्हर्जन किंवा त्याच्या संक्षेपापुढे आकड्यात छापलेली असते. पुष्कळदा ती खोक्याच्या बाजूच्या पट्टीवरही असते. ऑनलाइन विक्रीच्या पानावर ती क्वचितच दिलेली असते, आणि दिलेली असली तरी प्रत्यक्षात तोच नग हाती येईल याची हमी नसते, कारण गोदामात जो माल असेल तो पाठवला जातो.

आवृत्ती कळली की ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरील हार्डवेअरच्या तक्त्यात ते मॉडेल शोधावे. तेथे चिप, फ्लॅश, रॅम आणि कोणत्या प्रकाशनापासून आधार मिळतो, हे दिलेले असते. त्याचबरोबर फर्मवेअर सिलेक्टर या पानावर मॉडेलचे नाव टाकून नेमक्या त्या आवृत्तीची फाइल उपलब्ध आहे का, तेही पाहावे. प्रकाशनांची नावे वर्ष आणि महिन्यावरून ठेवली जातात: २४.१० या नावात २०२४ चा ऑक्टोबर आहे, आणि त्या शाखेचे पहिले स्थिर प्रकाशन फेब्रुवारी २०२५ मध्ये आले. ज्या राउटरसाठी फक्त स्नॅपशॉट म्हणजे रोजच्या घडणीची फाइल मिळते, तो नवख्याने घेऊ नये. त्या फाइलीत ब्राउझरमधले पान बसवलेले नसते आणि सुरुवातच टर्मिनलपासून करावी लागते.

चौथी पायरी: रॅम, फ्लॅश आणि ताकद

२१.०२ या प्रकाशनापासून किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम ही अट झाली, त्यामुळे ४ एमबी फ्लॅश व ३२ एमबी रॅमचे जुने राउटर मागे पडले. पण किमान म्हणजे पुरेसे नव्हे. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमच्या खाली जाऊ नये, आणि आज नवाच राउटर घ्यायचा असेल तर १२८ एमबी किंवा त्याहून अधिक नँड फ्लॅश आणि २५६ एमबी रॅम धरून चालावे. जाहिराती अडवणे, व्हीपीएन, पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क अशा सोयी एकेक करून वाढतात आणि १६ एमबीची जागा पाहता पाहता भरते.

प्रोसेसरच्या ताकदीचा प्रश्न एका विशिष्ट सोयीमुळे महत्त्वाचा ठरतो. घरात कोणी मोठी फाइल क्लाउडवर चढवू लागले की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल तुटू लागतो. राउटर व मोडेममध्ये डेटाची लांबच लांब रांग साचल्यामुळे हे घडते. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एसक्यूएम नावाचे पॅकेज बसवून केक ही रांग-व्यवस्था सुरू केली की हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो. घरून काम करणाऱ्या कुटुंबासाठी केवळ या एका कारणाने राउटर बदलणे योग्य ठरते, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. मात्र हे काम प्रोसेसरला स्वतः करावे लागते. हार्डवेअरची जलदगती सोय त्या वेळी वापरता येत नाही. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर एमटी७६२१ हे काम करू शकतो, पण ३०० किंवा ५०० एमबीपीएसच्या योजनेसाठी फिलॉजिकच घ्यावा.

पाचवी पायरी: बसवण्याची आणि सावरण्याची वाट

राउटर आधार असलेल्या यादीत आहे म्हणून तो नवख्याला बसवता येईलच असे नाही. उपकरणाच्या पानावर बसवण्याची कृती दिलेली असते. ती खरेदीपूर्वी पूर्ण वाचावी. सर्वात सोपा प्रकार म्हणजे कंपनीच्याच मांडणी पानावरील फर्मवेअर बदलण्याच्या जागी ओपनडब्ल्यूआरटीची फॅक्टरी फाइल (पहिल्यांदा बसवण्याची फाइल) निवडायची आणि बटण दाबायचे. त्याहून कठीण प्रकार म्हणजे मूळ फर्मवेअरमधल्या एखाद्या त्रुटीचा उपयोग करून आत शिरायचे. शाओमीच्या काही राउटरांना तसे करावे लागते. सर्वात कठीण प्रकारात डबा उघडून पाटीवरच्या सिरियल पिनांना यूएसबी-टीटीएल जोडणी (लॅपटॉपपर्यंत नेणारी खास तार) लावावी लागते. पहिल्याच राउटरसाठी पहिला प्रकार सोडून दुसरा काही स्वीकारू नये.

काही कंपन्या फर्मवेअर इतके कुलूपबंद का करतात, यालाही इतिहास आहे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने रेडिओच्या मर्यादा ओलांडल्या जाऊ नयेत म्हणून नियम कडक केले, तेव्हा काही कंपन्यांनी सरसकट सर्वच परके फर्मवेअर अडवले. २०१६ मध्ये टीपी-लिंकने त्या आयोगाशी २ लाख डॉलरचा समझोता केला आणि त्यात मुक्त फर्मवेअरला वाट देण्यासाठी पाऊल उचलण्याची अटही होती.

सावरण्याची वाटही पाहून ठेवावी. फर्मवेअर बदलताना वीज गेली किंवा चुकीची फाइल गेली तर राउटर सुरू होत नाही. अशा वेळी रीसेटचे बटण दाबून धरत वीज दिली की काही राउटर स्वतःचे छोटे दुरुस्तीचे पान उघडतात, काही टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने लॅपटॉपवरून फाइल मागतात. अशी सोय असलेला राउटर नवख्यासाठी योग्य. ज्याला सावरायला केवळ सिरियल तारच लागते तो अनुभवी माणसासाठी ठेवावा.

सहावी पायरी: मुंबईचे घर आणि मुंबईची हवा

एकमेकांना चिकटलेल्या इमारतींत एका खोलीत उभे राहून फोनवर पाहिले तर शेजाऱ्यांची पंचवीस-तीस वाय-फाय नावे सहज दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११, त्यामुळे तेथे दाटी होणारच. म्हणून ५ गिगाहर्ट्झ नसलेला राउटर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झ एवढी जागा विनापरवाना वापरासाठी खुली झाली आहे, तिचा लाभ घ्यावा.

५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीत लवकर विरते. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींच्या जाड भिंती किंवा नव्या टॉवरमधले आरसीसीचे खांब तिला अडवतात. दोन खोल्यांच्या घरात एक राउटर मध्यभागी, उंचावर ठेवला की बहुधा पुरतो. लोखंडी कपाटाच्या मागे किंवा माळ्यावरच्या सामानात तो खुपसून ठेवू नये. मोठ्या घरात एकच महागडा राउटर घेण्यापेक्षा दोन मध्यम राउटर घेऊन ते इथरनेटच्या तारेने जोडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, आणि ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ते सोपेही आहे.

चॅनल निवडताना मुंबईपुरती एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जोगेश्वरीजवळ वेरावली येथे हवामान खात्याचे सी-बँड डॉप्लर रडार २०२२ पासून काम करते आहे. पावसाच्या इशाऱ्यांसाठी आपण सर्व जण त्याच्यावर अवलंबून आहोत, आणि सी-बँडची हवामान रडारे ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. चॅनल १२० ते १२८ नेमके तेथेच येतात, म्हणून ते सोडून द्यावेत. ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचे चॅनल निवडावेत. मांडणीत देश म्हणून भारतच ठेवावा. दुसरा देश निवडून प्रक्षेपणाची शक्ती वाढवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

सातवी पायरी: खरेदी

ज्यांना मूळ फर्मवेअर बदलण्याची धास्ती वाटते त्यांनी जीएल.आयनेट या कंपनीचे राउटर पाहावेत. त्यांत ओपनडब्ल्यूआरटीवर आधारलेलेच फर्मवेअर कारखान्यातून येते, आणि पुढे इच्छा झाली की अनेक मॉडेलांवर अधिकृत ओपनडब्ल्यूआरटीही बसवता येते. बेरिल एएक्स नावाच्या छोट्या राउटरमध्ये एमटी७९८१, ५१२ एमबी रॅम आणि २५६ एमबी फ्लॅश आहे. फ्लिंट २ मध्ये एमटी७९८६ आणि १ जीबी रॅम आहे. कुडी कंपनी आपल्या अनेक मॉडेलांसाठी मूळ फर्मवेअरवरून ओपनडब्ल्यूआरटीकडे नेणारी मध्यस्थ फाइल स्वतःच पुरवते, त्यामुळे कमी खर्चात सुरुवात करणाऱ्यासाठी तीही चांगली निवड आहे. ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाचा स्वतःचा राउटर, ओपनडब्ल्यूआरटी वन, नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस आला. एमटी७९८१, १ जीबी रॅम आणि सहज सावरता यावे म्हणून दोन वेगळ्या फ्लॅश अशी त्याची रचना असून डब्यासह त्याची किंमत ८९ डॉलर ठेवली गेली. तो मनापासून आवडावा असाच आहे, पण परदेशातून मागवताना सीमाशुल्क भरावे लागते आणि बिनतारी उपकरणांना भारतात दूरसंचार विभागाची मान्यता लागते, याचा विचार करूनच तो मागवावा.

दुकानातून घ्यायचा असेल तर ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेकडचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, हे ठिकाण उत्तम. तेथे जाण्याचा मोठा फायदा म्हणजे खोका हातात घेऊन त्यावरची आवृत्ती वाचता येते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून सुट्टीपेक्षा कामाच्या दिवशी दुपारी जावे. जाण्यापूर्वी चालणाऱ्या तीन-चार मॉडेलांची नावे त्यांच्या आवृत्त्यांसह कागदावर लिहून न्यावीत. दुकानदाराला ओपनडब्ल्यूआरटीविषयी विचारण्यापेक्षा अमुक मॉडेलची अमुक आवृत्ती आहे का, असे थेट विचारावे. सील फोडण्याआधी पट्टीवरची आवृत्ती पाहू द्यावी अशी विनंती केली तर कोणी सहसा नाही म्हणत नाही. आवृत्ती वेगळी निघाली तर 'सगळे सारखेच असते' या आश्वासनावर विसंबून घेऊ नये. बिल घ्यावे आणि त्यावर मॉडेल व अनुक्रमांक लिहून घ्यावा. ऑनलाइन घेतल्यास परत करण्याची सोय असलेला विक्रेता निवडावा आणि पार्सल आले की आधी खोक्यावरची आवृत्ती तपासून मगच सील उघडावे.

आठवी पायरी: पहिले काही दिवस

घरी आणल्यावर लगेच फर्मवेअर बदलू नये. मूळ फर्मवेअरवर तीन-चार दिवस राउटर चालवून सर्व पोर्ट, दोन्ही पट्टे आणि प्रत्येक खोलीतला सिग्नल तपासावा, कारण नग सदोष असेल तर तो मूळ अवस्थेतच परत करता येतो. फर्मवेअर बदलल्यानंतर कंपनी हमी नाकारू शकते.

मग नेमक्या आवृत्तीची फॅक्टरी फाइल उतरवावी आणि लिनक्सच्या टर्मिनलमध्ये तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइल शाबूत आहे का हे दाखवणारा आकडा) काढून संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहावी. लॅपटॉप राउटरला तारेनेच जोडावा, वाय-फायवरून हे काम करू नये. फाइल चढवल्यानंतर काही मिनिटे कशालाही हात लावू नये. राउटर पुन्हा सुरू झाला की ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडावा; तेथे रूट या नावाने, पासवर्डशिवाय प्रवेश मिळतो आणि लुसी नावाचे मांडणीचे पान दिसते. सर्वात आधी पासवर्ड ठेवावा. साधारणतः वाय-फाय सुरुवातीला बंदच असते, त्यामुळे नेटवर्क दिसत नाही म्हणून घाबरू नये; देश भारत निवडून, डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ अशी मिश्र सुरक्षा ठेवून ते स्वतः सुरू करावे.

घरातल्या ओएनटीचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल, आणि पुष्कळदा असतोच, तर दोघांची टक्कर होऊन इंटरनेट चालत नाही. अशा वेळी ओएनटी जोडण्यापूर्वीच आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ असा बदलावा. नवख्यांच्या पहिल्या दिवसाच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा या एका बदलाने सुटतात.

मांडणी मनासारखी झाली की तिची बॅकअप फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्यावी आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. पुढचे प्रकाशन आले की फॅक्टरी फाइलऐवजी सिसअपग्रेड फाइल (आधी बसवलेली प्रणाली अद्ययावत करणारी) वापरावी, सेटिंग्ज कायम ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि स्वतः जोडलेल्या पॅकेजांची यादी जवळ असू द्यावी, कारण साध्या सिसअपग्रेडमध्ये सेटिंग्ज टिकतात, मात्र ती पॅकेजे पुन्हा बसवावी लागतात.